पाड्यांवरची तंबाखू, विडी, मशेरी कमी करायचं वर्षभराचं काम : आराखडा तपासून हवा आहे

कोलशेत_कट्टा (ठाणे)

नमस्कार मंडळी,

आमच्या गटाला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून तंबाखूमुक्तीच्या कामासाठी वर्षभराचे पैसे मिळाले आहेत. पाडे तीन ठिकाणचे धरले आहेत. काही येऊरचे, काही दिघा-रबाळ्याच्या डोंगरउतारावरचे आणि दोन शहापूर तालुक्यातले. वस्ती वारली, कातकरी आणि ठाकूर. पुरुष विडी ओढतात आणि तंबाखूही मळतात, बायका मशेरी लावतात. शाळकरी पोरांच्या खिशातही पुड्या सापडतात.

सध्या कागदावर असं आहे : ३१ मे रोजी (जागतिक तंबाखूविरोधी दिन) पाड्यापाड्यांवर पथनाट्य, कॅन्सरग्रस्त तोंडांचे मोठे फलक, सामूहिक शपथ, सोडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि वर्षाच्या शेवटी एक सर्वेक्षण. गटातल्या एकाचं म्हणणं, ऑस्ट्रेलियाने तिथल्या आदिवासींमधलं धूम्रपान बरंच खाली आणलं आहे, तोच नमुना उचलावा.

विचारायचं ते असं. मोजायचं काय आणि कसं? निकोटिनचा गम मशेरी-तंबाखूवर चालतो का, द्यायचा कुणी? दुकानांचं काय करायचं? आणि ऑस्ट्रेलियाचं इथे किती लागू पडतं? भाषण नको, करायचं काय ते सांगा.

---

समुपदेशक_कळवा

आधी मोजण्याचं, कारण तिथेच पाया चुकतो.

तुमच्या फॉर्मवर ‘धूम्रपान करता का?’ एवढंच असेल तर निम्म्याहून जास्त वापर निसटेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के कुठला ना कुठला तंबाखू वापरत होते. त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के आणि बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. हे सगळ्या राज्याचे आकडे आहेत. तुमच्या पाड्यावर विडी जास्त निघेल, पण मोठा हिस्सा तोंडात ठेवायच्या तंबाखूचाच असणार.

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मशेरीवाली बाई सरळ ‘नाही’ म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून प्रश्न सुटे करा : दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, मशेरी तोंडात किती वेळ राहते? मशेरी म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखूच. दिवसातून चार-पाच वेळा बोट फिरवून पाच-दहा मिनिटं तोंडात धरली की शरीराला निकोटिनची सवय लागतेच. विडीवाल्याला विचारा की बंडल किती दिवस पुरतं, तंबाखूवाल्याला विचारा की पुडी किती दिवस जाते. ‘दिवसाला किती ग्रॅम’ याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही, ‘पुडी दोन दिवस जाते’ हे सगळेच सांगतात.

सगळ्यात उपयोगाचा प्रश्न म्हणजे उठल्यावर पहिली चिमूट किंवा पहिली विडी किती वेळाने. अर्ध्या तासाच्या आत असेल तर अवलंबित्व पक्कं. अशा माणसाकडून नुसत्या शपथेवर आशा ठेवू नका.

चुन्याकडेही लक्ष द्या. डाव्या तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून अंगठ्याने मळतात, वर दोन थापा मारून धूळ उडवतात आणि खालच्या ओठामागे बार भरतात. चुन्याच्या अल्कलीमुळे निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात उतरतं. म्हणून तंबाखू तेवढाच असला तरी जास्त चुन्याचा बार जोरात लागतो. ‘चुना किती?’ हे फॉर्ममध्ये हवं. ‘बार कुठे ठेवता, डावीकडे की उजवीकडे?’ हेही विचारा, कारण पांढरा चट्टा बहुतेक वेळा त्याच जागी येतो.

तोंड तपासणी आशाताईंना आणि पाड्यातल्या एका तरुणाला शिकवता येते. माणसाला दारात उजेडाकडे तोंड करून बसवा, चूळ भरायला लावा. हातमोजा घालून किंवा चमच्याच्या दांड्याने आधी बार ठेवायची जागा, मग दोन्ही गालांच्या आतून, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू असं क्रमाने बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही दिसलं की चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दंत महाविद्यालयात पाठवा. लाल डाग पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, त्याला ‘पुढच्या महिन्यात बघू’ नाही. पाठवायचं म्हणजे सोबत माणूस द्यायचा. नुसती चिठ्ठी घराच्या कुडाला खोचलेली राहते.

आता गम. २ मिलिग्रॅमचा गम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिली विडी अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४, नसेल तर २. पहिले सहा आठवडे तलफ येण्याची वाट न बघता दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. सगळे मिळून १२ आठवडे. विडी-सिगारेटवर गमचा उपयोग पक्का सिद्ध आहे. तोंडात ठेवायच्या तंबाखूवर त्याचा पुरावा तेवढा भक्कम नाही, तिथे समोर बसून केलेलं समुपदेशन आणि पाठपुरावा जास्त काम करतो. म्हणून सगळे पैसे गमवर घालवू नका.

गम फसतो तो चावण्याच्या पद्धतीमुळे. लोक तो पानासारखा चावत राहतात. मग निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो, आणि ‘आपल्याला सोसत नाही’ म्हणून पाकीट देवळीत पडून राहतं. दहा-बारा वेळा सावकाश चावायचा, जीभ चुरचुरली की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे ठेवायचा, चुरचुर गेली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. एरवी बार ठेवतात तिथेच ठेवायचा म्हटलं की एका मिनिटात कळतं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कोकम, लिंबू काही नाही, आंबटामुळे निकोटिन शोषलं जात नाही. पाड्यावर चहा दिवसभर चालू असतो, त्यामुळे हा नियम सगळ्यात जास्त मोडतो. पहिला गम तुमच्यासमोरच खाऊन दाखवायला लावा. दात पडलेल्यांना गम जमत नाही, त्यांना निकोटिनची चोखायची गोळी द्या. गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गम नाही, आधी समुपदेशन. तिची मशेरी सुटणं मात्र सगळ्यात तातडीचं, कारण बाळाचं वजन कमी भरतं.

शपथेनंतर काय होतं ते लक्षात ठेवून भेटी ठरवा. चिडचिड, झोप उडणं, डोकं जड होणं यांचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. एक तलफ पाचेक मिनिटांत उतरते. म्हणून भेट तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, चौदाव्या, महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. पहिल्या तीन भेटी चुकल्या तर पुढच्या करून काही हाती लागत नाही.

आणखी दोन अडचणी हमखास येतात, त्या फलकावर कधी नसतात. एक म्हणजे पोट. ‘मशेरी लावल्याशिवाय मोकळं होत नाही’ ही तक्रार खरी आहे, निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते. सोडल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे बद्धकोष्ठ होतं. हे आधीच सांगा, सकाळी दोन भांडी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि गरज पडली तर केंद्रातून इसबगोल. दुसरी म्हणजे दाढ. कितीतरी जण किडलेल्या दाढेच्या कळेवर उतारा म्हणून तंबाखू दाबतात. ती दाढ तोंडात असेपर्यंत तंबाखू सुटत नाही. आधी दाढ काढून घ्या, मग सोडायचा दिवस ठरवा.

---

वासिंद_लोकल

वरचं सगळं बरोबर, पण ३१ मे ही तारीख आधी खोडा.

शहापूर-मुरबाडकडचा कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, भिवंडी-कल्याणच्या पट्ट्यात आणि त्याच्याही पुढे. उचल आधीच घेतलेली असते, अख्खं कुटुंब जातं, आणि परत येतं पावसाच्या तोंडावर. ३१ मेला निम्मी घरं हिशोब करून नुकती परतलेली असतात किंवा अजून यायचीच असतात. लगेच पेरणी, मग आवणी (भाताची लावणी). आवणीत कंबर वाकवून दिवसभर चिखलात काम असतं, तेव्हा तंबाखू वाढतो, कमी होत नाही. भूक आणि थकवा मारायलाच तो असतो.

सोडायचा दिवस ठरवायचा तर आवणी उरकल्यावर, श्रावणाच्या शेवटापासून भादव्यात. कापणीपर्यंत हातात सहा ते आठ आठवडे मिळतात. वरच्या ताईंनी (की दादा? क्षमस्व) सांगितलेल्या पहिल्या चार भेटी त्यात बसतात. कापणी झाली, दिवाळी झाली की माणूस गेला. जाण्यापूर्वी प्रत्येक घराचा भट्टीचा गाव, मुकादमाचं नाव आणि एक तरी चालणारा फोन लिहून घ्या. तीन महिन्यांची भेट भट्टीवरच होणार आहे हे अंदाजपत्रकात धरा, नाहीतर तिथेच तुमची आकडेवारी संपेल.

भट्टीवर आठवड्याची खर्ची मिळते, आणि जवळच्या दुकानात उधारीचं खातं असतं. तांदूळ, तेल, मीठ यांच्याच पानावर पुडी आणि बंडल लिहिलं जातं. घरातल्या बाईला किती गेलं ते हिशोबाच्या दिवशी कळतं. सोडणाऱ्या घराने दुकानदाराला एवढंच सांगून ठेवायचं की आमच्या खात्यावर तंबाखू लिहायचा नाही, हवा असेल तर रोख. उधारी बंद झाली की वापर पडतो, कारण खर्चीच्या मधल्या दिवसांत रोख नसते. मालकाशी भांडायला जाऊ नका, तुम्ही गेल्यावर त्याचं उट्टं मजुरावर निघतं.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला पोटात आग पडते तेव्हाची चिमूट ही खरी तलफ कमी आणि भूक जास्त. तिथे उपदेश चालत नाही, कमरेच्या पिशवीत चणे-शेंगदाणे लागतात. बडीशेप, ओवा, लवंगही चालते. सुपारी मात्र देऊ नका, ‘तंबाखू नाही ना त्यात’ म्हणून वाटणारे गट आहेत. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, आणि तोंड न उघडण्याचा आजार मुख्यतः तिच्यामुळेच होतो.

येऊर आणि दिघ्याचं गणित वेगळं. तिथली बरीच माणसं बारमाही शहरात कामाला, बांधकाम, माळीकाम, घरकाम. स्थलांतराची अडचण नाही, पण दिवसा पाड्यावर कुणी सापडत नाही. संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी जा. दुसरं म्हणजे हे पाडे महापालिकेच्या हद्दीत आहेत, ग्रामसभा नाही. शहापूर तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसाची (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याची) ग्रामसभा ठराव करू शकते. एकच आराखडा तिन्हीकडे लावाल तर कुठेच बसणार नाही.

आणि देवकार्यात, लग्नात, पाहुण्यापुढे विडी-तंबाखू ठेवायची रीत असेल तर तिच्यावर पहिल्याच बैठकीत बोलू नका. भगत आणि जाणत्या म्हाताऱ्यांशी आधी वेगळं बसा. देवापुढची चिमूट आणि दिवसाची अख्खी पुडी यांत फरक त्यांनाही कळतो, तो त्यांच्याच तोंडून यायला हवा.

---

खोपट_७७

एवढं कशाला? ग्रामसभेत ठराव करा, खाणाऱ्याला पाचशे आणि विकणाऱ्याला दोन हजार दंड. दारूबंदी अशीच झाली आहे कित्येक गावांत.

---

समुपदेशक_कळवा

खाणाऱ्याला दंड लावला की खाणं थांबत नाही, सांगणं थांबतं. मग तुमच्या तिसऱ्या दिवसाच्या भेटीत सगळेच ‘सोडली’ म्हणतात, आणि तोंड तपासायला कुणी समोर येत नाही. मशेरीवाल्या बायका तर पहिल्या गायब. शिवाय पाचशे रुपये त्या घरातून जाणार, जिथे ते नाहीत.

विकणाऱ्याचं वेगळं आहे. तिथे ठरावाला अर्थ आहे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात दारू आणि तंबाखू दोन्हीवर गावाच्या संघटनेनेच विक्री अडवली, पण त्यासोबत शाळा, उपचार आणि सततचा पाठपुरावा अशी चौकट होती. नुसता दंडाचा फलक नव्हता.

---

आश्रमशाळा_मास्तर

दुकानाबद्दल थोडक्यात.

२००३ च्या तंबाखू कायद्यानुसार १८ वर्षांखालच्याला विक्री नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. अंतर वर्गाच्या दारापासून मोजू नका, संस्थेच्या कुंपणाच्या बाहेरच्या हद्दीपासून मोजा. तिथे रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. शाळेची ही तरतूद मोडणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंतच, म्हणून दुकानदार हसतो. पण बालन्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ दाखवा : मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे वाचून दाखवलं की पोरांना विकणं बहुतेक ठिकाणी त्याच आठवड्यात थांबतं, पोलीस न आणता.

सगळ्यात मोठं भोक मात्र दुकानात नाही, घरात आहे. बाप पोराला पुडी आणायला पाठवतो. दुकानदाराने मुलाच्या हातात दिली की कायदा मोडलाच, कुणासाठी का असेना. पाड्याच्या बैठकीत एकच गोष्ट ठरवायची असेल तर ही ठरवा : पुडी हवी त्याने स्वतः उठून जायचं. यात कुणाचं काही बंद होत नाही म्हणून विरोध होत नाही, आणि पोरांचा पुडीशी रोजचा संबंध तुटतो. मशेरीसाठी घरी तंबाखू भाजायलाही मुलींना बसवू नये, धुराने ठसका लागतो तो वेगळाच.

गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, तरी पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत असा जोडीने विकला जातो. पोरं दोन्ही एकत्र करतात. सर्वेक्षणात ‘गुटखा खातोस का’ विचारलंत तर ‘नाही’ येईल, जोडपुडी विचारा.

शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी आणि पहारेकरी स्वतः खात असतील तर मुलांना काही शिकवायला जाऊ नका. आधी कर्मचाऱ्यांचा गट घ्या.

---

सेक्टर_सतरा_वाशी

ऑस्ट्रेलियाबद्दल. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात हा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर.

तिथल्या आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरच्या प्रौढांत रोज धूम्रपान करणारे २००४-०५ मध्ये सुमारे ५० टक्के होते, २०१८-१९ मध्ये सुमारे ४० टक्के. चौदा वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास घट. मोठं यश आहे, पण वेग बघा. शिवाय ही घट शहरांत आणि शहरांलगतच्या भागांत झाली, अतिदुर्गम वस्त्यांत आकडा जवळजवळ हलला नाही. एका वर्षाच्या निधीवर कंपनीला ‘पाडा तंबाखूमुक्त’ असं वचन देऊ नका. ‘सहा महिने सोडून राहिलेले किती’ एवढंच वचन द्या.

उचलण्यासारखं काय? तर काम कुणाच्या हातात होतं ते. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये आदिवासींनी स्वतः चालवलेलं पहिलं आरोग्य केंद्र सुरू झालं आणि पुढे अशी केंद्रं देशभर पसरली. २०१० मध्ये तंबाखूविरोधी राष्ट्रीय कार्यक्रम आला तेव्हा पैसा मोठ्या प्रमाणावर या केंद्रांकडे गेला. संयोजक टॉम काल्मा हे स्वतः आदिवासी समाजातले. समुपदेशक त्याच वस्तीतले, चित्रफितींत चेहरे आणि बोली तिथलीच, आणि पाळलेला पहिला नियम ‘घरात आणि गाडीत धूर नाही’. ओढणाऱ्याला ‘सोड’ म्हणायच्या आधी ‘बाळासमोर नको’ म्हटलं. आजी-आजोबांनी तो नियम घरात लावला. आपल्या पाड्यावर विडीबद्दल हे जसंच्या तसं चालेल, झोपडीत धूर कोंडतोच.

इतिहास विसरू नका, कारण तिकडच्या लोकांचा संशय तिथून येतो. मिशनांवर आणि गुरांच्या मळ्यांवर मजुरीच्या जागी शिधा दिला जायचा, पीठ, साखर, चहा आणि त्यासोबत तंबाखू. म्हणजे व्यसन पगारातूनच आलं. वासिंदकरांनी भट्टीच्या खात्याचं जे सांगितलं ते वाचताना हेच आठवलं.

एक गंमत. मध्य ऑस्ट्रेलियात रानटी तंबाखूची पानं चघळायची फार जुनी रीत आहे, आणि ती मळतात झाडाच्या राखेत. राखेची अल्कली, आपल्या चुन्याचंच काम. तिथेही धूम्रपानाच्या फलकांनी या चघळणाऱ्या बायकांना स्पर्श होत नाही, तशी तुमची मशेरी.

न उचलण्यासारखं : त्यांच्या घटीत जड कर, डिसेंबर २०१२ पासूनची साधी (कंपनीचे रंग-चिन्ह नसलेली) वेष्टनं आणि कडक बंदीचे कायदे यांचा मोठा वाटा आहे, तो तुम्ही पाड्यावर उभा करू शकत नाही. इथे सुटी विडी आणि स्वस्त पुडी सहज मिळते.

आणि कामाचा सगळ्यात मोठा धडा. तिथल्या देशव्यापी पाहणीत दिसलं की आदिवासी धूम्रपान करणाऱ्यांना सोडायची इच्छा इतरांइतकीच असते, सोडायचा प्रयत्नही ते करतात, पण महिनाभर टिकण्यात मागे पडतात. घरात, कामावर, लग्नात चहूकडे ओढणारेच असतात. म्हणजे पैसा जागृतीवर कमी आणि टिकवण्यावर जास्त घालायला हवा. एकट्याला सोडायला लावू नका. नवरा-बायको, दोन जावा, एका टोळीतले चौघे असे गट करून सोडवा.

---

कोलशेत_कट्टा

खूप आभार. म्हणजे पथनाट्य आणि फलक रद्दच? आणि सोडलं की नाही हे तपासायचं कसं, नुसत्या बोलण्यावर?

---

समुपदेशक_कळवा

पथनाट्य एक ठेवा, त्यांच्याच पोरांनी त्यांच्या बोलीत केलेलं. सडलेल्या तोंडाचे फलक मात्र काढा. ती चित्रं पुडीवर रोजच दिसतात. भीती घातली आणि पुढे काय करायचं ते सांगितलं नाही तर माणूस तपासणी टाळतो. त्याऐवजी बार ठेवायच्या जागेचा साधा पांढरा चट्टा दाखवा आणि सोबत सांगा की आत्ता सोडलं तर तो बऱ्याचदा जातो. हे खरं आहे आणि आशा देतं.

पैशांचा मोठा भाग पाड्यातल्या दोन-तीन माणसांच्या वर्षभराच्या मानधनावर जाऊ द्या, त्यात किमान एक बाई. मशेरीचं बोलणं पुरुष स्वयंसेवकापुढे होत नाही. स्वतः सोडलेली कुणी मिळाली तर तीच घ्या, शिक्षण सातवी असलं तरी चालेल. त्यानंतर गम-गोळ्या, दवाखान्यात नेण्याची गाडी आणि भट्ट्यांवरच्या फेऱ्या. प्रमाणपत्र पहिल्या दिवशी देऊ नका, सहाव्या महिन्याला द्या.

तपासणीचं : विडीवाल्यासाठी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र मिळतं. पण त्याचा परिणाम काही तासांतच उतरतो, आणि पुडी खाणाऱ्याचं त्यात काहीच दिसत नाही. कितीतरी जण विडी सोडून तंबाखू धरतात आणि यंत्रावर ‘पास’ होतात. लघवी किंवा लाळेतलं कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासणाऱ्या पट्टीत दोन्ही दिसतं, मागच्या काही दिवसांचं. मात्र गम चालू असेल तर तीही ‘आहे’ दाखवते, म्हणून गम थांबल्यावरच वापरा. सगळ्यांची करायची गरज नाही. सहा महिन्यांनी ‘सोडली’ म्हणणाऱ्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जणांची करा, आणि आधीच सांगा की यात दंड नाही, नाव कुठे जात नाही.

हिशोब करताना सुरुवातीला नोंदलेल्या सगळ्यांना भाजकात ठेवा. जे सापडले नाहीत ते ‘खातात’ असंच धरायचं. नाहीतर भट्टीवर गेलेले वगळून टक्का फुगवला जातो, आणि कंपनीला तोच आवडतो.

---

नेरूळ_दातकाढ्या

जोड एवढीच. दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असतं, नवी मुंबईत अशी महाविद्यालयं आहेत. फिरत्या दवाखान्याची गाडी मागायची तर अर्ज लेखी द्या आणि शिबिराची तारीख कापणीच्या आधीची घ्या. शिबिरात दाढा काढणार का हे आधी विचारा. नुसती तपासणी करून ‘नंतर या’ म्हणणारी गाडी पाड्यावर दुसऱ्यांदा आली तर कुणी फिरकत नाही. ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे त्यांची तपासणी आशाताईंकडून आदल्या आठवड्यात करून घ्या, नाहीतर ऐनवेळी दाढ काढता येत नाही.

तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणारी राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ ही पुडीवरच छापलेली असते, फोन फुकट. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. मराठीत बोलतात. पाड्यावर रेंज कुठल्या खडकावर मिळते ते पोरांना माहीत असतं, पहिला फोन तिथे सोबत उभं राहून लावून द्या. पुढचे फोन तिकडूनच येतात, पण अनोळखी नंबर म्हणून लोक उचलत नाहीत. तो नंबर फोनमध्ये नावाने साठवून दिलात तरच उपयोग.

---

वासिंद_लोकल

आणि फोन बहुतेक घरांत एकच, तोही पोराकडे. कुणाच्या वेळेला कुणी उचलायचा ते त्याच्याशीच ठरवा. या भादव्यात सुरू करायचं असेल तर आशाताईंचं प्रशिक्षण आषाढात लावा, त्यानंतर त्यांना पावसाळी साथींच्या कामातून मान वर काढता येत नाही. तीस वर्षांवरच्यांचा जो फॉर्म त्या भरतात त्यात तंबाखूचा रकाना आधीच आहे, रोज खाणाऱ्याला जोखमीचे दोन गुण. तुमचा नवा फॉर्म त्यांच्या डोक्यावर मारण्यापेक्षा त्या रकान्यातली नावं घेऊन सुरुवात करा. फक्त मशेरी त्यात धरली आहे का, ते प्रत्येक घरी पुन्हा विचारून घ्या.